उंबऱ्यावरचा पलंग

"साहेब, एखादं बाळ स्वयंपाकघरात जन्मलं तर फ्रेंच आणि बाहेरच्या खोलीत जन्मलं तर बेल्जियन, असं असतं का हो?"

हा प्रश्न मी विचारला. मी, कोलेटा कालेवार्टने! शाळेच्या बक्षीस समारंभात, निळ्या-पांढऱ्या-लाल पताकांखाली, आणि तोही कुणाला, तर फ्रान्सच्या सरहद्दीजवळच्या आमच्या रूबे गावच्या न्यायाधीशांना, दुर्येझ साहेबांना, त्यांच्या तोंडात अर्धं वाफल असताना. गेल्या वर्षीची मी असते तर अंगणातल्या झाडामागे दडून बसले असते. पण यंदा फ्रेंच शुद्धलेखनात मी वर्गात पहिली आले होते. काखेत बक्षिसाचं लाल पुस्तक होतं, डोक्यावर कागदी पानांचा मुकुट होता, आणि मुकुट घातलेल्या माणसाला कसली आलीय भीती?

शिवाय पैज लागली होती. झेली म्हणजे माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आणि मला सगळ्यात जास्त छळणारी. आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुली माझ्यासारख्या, बेल्जियममधून आलेल्या फ्लेमिश विणकरांच्या. उरलेल्या अर्ध्या आम्हाला 'लोण्याची मडकी' म्हणतात, कारण सरहद्दीपलीकडून गिरणीत येणारे लोक आठवड्याचं लोणी मडक्यात भरून आणतात. झेली त्या उरलेल्या अर्ध्यांतली. तिला मी माझ्या आजीच्या घराची गोष्ट सांगत होते. घर बरोबर सरहद्दीवर आहे. पुढच्या खोलीत आजीचा बिअरचा गुत्ता, तो बेल्जियममध्ये. मागचं स्वयंपाकघर फ्रान्समध्ये. मधे एक दगडी उंबरा, तो कुणाचाच नाही. आणि माझे बाबा त्याच घरात जन्मले.

"कुठल्या खोलीत?" झेलीने विचारलं.

"मला काय माहीत!"

"मग त्या साहेबांना विचार ना. जा, विचार. नाही विचारणार तू. मडकी बोलत नाहीत."

झालं! मी गेले आणि विचारलं.

पण खरं सांगायचं तर मी नुसत्या पैजेसाठी गेले नव्हते. त्याच सकाळी आमच्या ब्वातेल बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "कोलेटा, दूएच्या अध्यापिका विद्यालयाच्या परीक्षेला मला तुझंच नाव पाठवायचं होतं गं. पण सरकारी शाळेत शिकवायचं तर फ्रेंच असावं लागतं."

"बाई, मी रूबेत जन्मले. त्या कोपऱ्यावरच्या गल्लीत!"

"वडील बेल्जियन आहेत तुझे. एकवीस वर्षांची झालीस की अर्ज कर, असं जुना कायदा सांगतो. नवीन काहीतरी आलंय म्हणतात, पण मला त्यातलं कळत नाही."

एकवीस! तोवर मी सूतगिरणीत उभी राहून राहून कापसाचा पिंजलेला गोळा झाले असते. मला बाई व्हायचं होतं, फळ्यावर खडू करकरवायचा होता, पोरींना 'शांत बसा!' म्हणायचं होतं. दुसरं काही नको होतं. म्हणून प्रश्न झेलीचा असला तरी उत्तर मला हवं होतं.

दुर्येझ साहेबांनी वाफल गिळलं. पोटावरच्या पट्ट्यावर साखर सांडली होती ती झटकली. मला वाटलं, आता रागावणार. पण त्यांचे डोळे असे चमकले, जसे काही आयुष्यभर ते याच प्रश्नाची वाट बघत होते.

"पलंग कुठे होता?" ते म्हणाले.

"अं?"

"मुली, सगळं त्यावर आहे. पलंग कुठे होता? बस इथे."

त्यांनी मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं, महापौरांच्या! आणि राजे-महाराजांपासून सुरुवात केली. पूर्वी म्हणे ज्या राजाच्या मातीत जन्माल त्या राजाचे तुम्ही. मग क्रांती झाली, मग कायद्याचं मोठं पुस्तक आलं आणि ते म्हणालं, माती-बिती काही नाही, बापाचं रक्त बघा. परक्याच्या पोराला हवं असेल तर त्याने एकविसाव्या वर्षी येऊन मागावं. पुढे अर्धं शतक गेल्यावर शहाण्यांच्या लक्षात आलं, की अरे, ही माणसं तर आजोबांपासून इथेच आहेत, यांना परके कसं म्हणायचं? म्हणून ठरलं: बाप इथे जन्मला, मूलही इथेच जन्मलं, तर मूल फ्रेंच. फक्त मोठं झाल्यावर 'मला नको' म्हणायची मुभा.

"आणि सगळे म्हणाले, नको!" साहेबांनी टाळी वाजवली. "म्हणून याच जूनमध्ये नवा कायदा आलाय. बाप इथे जन्मला, मूल इथे जन्मलं, की ते फ्रेंच. जन्मापासून. आता कुणी ते काढून घेऊ शकत नाही. त्याने स्वतः ठरवलं तरी नाही."

"आणि बाप तिकडे जन्मला असेल तर?"

"तर बापाने माझ्यासमोर उभं राहून सांगायचं, की माझी मुलगी फ्रान्सची आहे. तू अजून लहान आहेस ना, म्हणून तुझ्या वतीने तो."

दुसरं मी ऐकून सोडून दिलं. माझे बाबा? फ्रेंच कचेरीत? ते पावाच्या दुकानातसुद्धा फ्लेमिशमध्ये मागतात आणि पाववाल्याला कळेपर्यंत मुकाट उभे राहतात. संपाच्या वेळी गिरणीच्या फाटकाशी लोक त्यांना 'मडक्या, परत जा' म्हणून ओरडले होते. तेव्हापासून त्यांनी शपथ घेतलीय, या लोकांकडे आपण होऊन काहीही मागायचं नाही. आई म्हणते, त्यांना यांच्याकडचा पाऊसदेखील नको असतो.

पण पहिलं! बाबा स्वयंपाकघरात जन्मले असतील तर मी फ्रेंच होणार नव्हते, मी आधीपासून फ्रेंच होते! पंधरा वर्षं झोपेत फ्रेंच होते! मी उठले, मुकुट तिरका झाला, आणि मी झेलीच्या गळ्यात पडून इतक्या जोरात ओरडले की वाजंत्रीवाल्यांचा ताल चुकला.

रविवारी आम्ही आजीकडे निघालो. मी, झेली आणि माझा मोठा भाऊ कामील. कामील वीस वर्षांचा आहे, बाबांच्या शेजारच्या मागावर विणतो, आणि दिवसभर त्याचं तोंड चालू असतं. बेल्जियममध्ये सैन्यात कोण जाणार हे चिठ्ठ्या काढून ठरवतात. या वर्षी कामीलची चिठ्ठी चांगली निघाली होती, म्हणजे त्याला सुटका मिळाली होती, आणि ती चिठ्ठी त्याने टोपीला खोचून महिनाभर मिरवली होती.

"तू बाई झालीस की मला पायरीवर बसून तंबाखू ओढू देशील ना?" तो म्हणाला.

"अंगठे धरून उभा करेन."

"बघ झेली, अजून फ्रेंच झाली नाही तोच हुकूम सोडायला लागली."

झेली फिस्सकन हसली आणि मग एकदम म्हणाली, "तुला रे काय! माझा भाऊ लीलच्या बराकीत शेंगा-बटाटे खातोय, आणि तुम्ही बेल्जियन पोरं जत्रेत त्याच्या पोरीबरोबर नाचता."

"मी एकदाच नाचलो!"

"दोनदा. मी बघितलंय."

आजी दारातच उभी होती. माझी आजी म्हणजे रुंद खांदे, मोठा आवाज, आणि पदराखाली, म्हणजे ॲप्रनखाली, काय दडलेलं असेल ते सांगता येत नाही. तरुणपणी ती तंबाखू इकडून तिकडे करायची. आता म्हणे करत नाही. तिचे दोन कुत्रे मात्र पोटाने जरा जास्तच गोल आहेत आणि रोज संध्याकाळी एकटेच फिरायला फ्रान्समध्ये जातात.

मी तिला दम घेऊ दिला नाही. "आजी, बाबा जन्मले तेव्हा पलंग कुठे होता?"

आजी माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले, मग पोट, मग ती भिंतीला टेकून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अगं पोरी, कुठे नव्हता ते विचार!"

गोष्ट अशी होती. पलंग होता स्वयंपाकघरात, फ्रान्समध्ये. उशीच्या बाजूला गादीखाली तंबाखू ठासलेली. आजीला कळा सुरू झाल्या, आणि त्याच वेळी मागच्या दारावर धाडधाड! फ्रेंच जकात शिपाई! तंबाखू फ्रान्समध्ये सापडली तर गुन्हा, बेल्जियममध्ये असली तर नुसती तंबाखू. मग आजोबांनी काय करावं? त्यांनी पलंगाला खांदा लावला आणि आजीसकट, कळांसकट, तंबाखूसकट पलंग बेल्जियमकडे ढकलायला सुरुवात केली.

"आणि मग?" आम्ही तिघेही एकदम ओरडलो.

"मग काय! उंबऱ्यात अडकला मेला."

"अर्धा?"

"बरोबर मधोमध! मी ओरडतेय 'ढकल!', सुईण ओरडतेय 'जोर लाव!', आणि तुझ्या आजोबांना कळेना ती कुणाला सांगतेय."

झेली जमिनीवर बसली होती हसून हसून. पण मला नीट पाहायचंच होतं. मी म्हटलं, "आजी, तो पलंग अजून आहे ना? दाखव. करून दाखव."

तोच पलंग होता. अक्रोडाचा, जड, एक पाय कुरतडलेला. आम्ही तो स्वयंपाकघरातून ओढायला घेतला. झेली लगेच त्यावर आडवी झाली, पोटावर उशी घेतली आणि केस मोकळे सोडून किंचाळायला लागली, कारण झेलीला किंचाळायला नेहमीच आवडतं. मी सुईण झाले. कामील आजोबा झाला आणि पायथ्याशी खांदा लावला. आजी खुर्चीवर उभी राहून हातवारे करत होती: "डावीकडे! अरे डावीकडे! तुझ्या आजोबालाही डावं-उजवं कळत नव्हतं!" आणि खटकन पलंग उंबऱ्यात अडकला. तिथेच. अगदी तिथेच!

"डोकं कुठे?" मी विचारलं.

"बेल्जियमात."

"पाय?"

"फ्रान्समध्ये."

"मग बाळ?"

आजीने कमरेवर हात ठेवले. "बाळ काय डोक्याकडून येतं होय गं? तंबाखू राहिली बेल्जियमात आणि तुझा बाप पडला फ्रान्समध्ये. त्यातून पायाळू. पाय तर केव्हाचे फ्रेंच होऊन बसले होते, डोक्याची वाट बघत!"

"मग नाव बेल्जियममध्ये का घातलं?"

"फ्रेंच कचेरीत गेलो असतो तर आधी तंबाखूचं विचारलं असतं ना!"

मी काय केलं ते सांगायलाही लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. मी पलंगावर चढले आणि झेलीच्या शेजारी उड्या मारायला लागले. "मी फ्रेंच! मी फ्रेंच! मी बाई! मी ब्वातेल बाई!" झेलीने तिची सगळ्यात लांब किंकाळी फोडली. कुत्रे भुंकायला लागले.

आणि दोन्ही दारं एकदम उघडली.

मागच्या दारात फ्रेंच शिपाई, मिशावाला. पुढच्या दारात बेल्जियन शिपाई, हातात आजीचाच बिअरचा पेला. दोघंही किंकाळी ऐकून धावत आलेले आणि दोघंही उंबऱ्यापाशी येऊन खिळल्यासारखे थांबले, कारण पुढे पाऊल टाकलं तर दुसऱ्याच्या देशात.

"कोण बाळंत होतंय?" फ्रेंच शिपायाने विचारलं.

"कुणी नाही," आजी म्हणाली.

"मी!" झेली म्हणाली आणि उशी घट्ट धरली.

बेल्जियन शिपायाने पेल्यातला एक घोट घेतला. "डोकं आमच्याकडे आहे. म्हणजे आई आमची."

"आई ठेव तू," मिशावाला म्हणाला. "बाळ या बाजूला पडणार. ते आमचं. मुलगा असला तर तीन वर्षं बराक, पक्की."

"आमच्याकडे निदान चिठ्ठी तरी काढू देतात बिचाऱ्यांना."

"तुमच्या चिठ्ठ्या गेल्या आता पाण्यात! नवा कायदा वाचला नाहीस वाटतं? बाप या बाजूला जन्मला, पोरगा या बाजूला जन्मला, की खेळ खलास. आधी अर्धं रूबे एकविसाव्या वर्षी येऊन 'नको' म्हणायचं आणि गिरणीत परत जायचं. आता म्हणून तर दाखव! कशासाठी केलाय रे कायदा? पोरींसाठी केलाय होय? बंदुका उचलायला पोरं कमी पडतात म्हणून केलाय."

मी उडी मारता मारता थांबले.

सगळ्यांचं हसू थांबलं नव्हतं, झेली अजून हसत होती. पण मी पायथ्याकडे बघितलं. कामील पलंगाला खांदा लावून वाकला होता, तसाच राहिला होता. तोही रूबेतच जन्मलाय. त्याच गल्लीत, त्याच घरात, त्याच बाबांच्या पोटी. मी एकटी फ्रेंच होणार नव्हते. आजीच्या त्या एका वाक्याने मी त्यालाही फ्रेंच करून टाकलं होतं आणि त्याच्या टोपीवरची चिठ्ठी म्हणजे आता नुसता कागदाचा कपटा.

"हा तरुण कोण?" मिशावाल्याने विचारलं.

"गिऱ्हाईक," आजी ताबडतोब म्हणाली. "खेळताहेत पोरं. जा तुम्ही. तू पेल्याचे पैसे देऊन जा."

परतीच्या वाटेवर झेली आमच्या पुढे गेली, मुद्दाम. कामील बराच वेळ बोलला नाही. असं कधी होत नाही. मला इतकं विचित्र वाटलं की मीच बडबड करायला लागले, पुढच्या वर्षीच्या परीक्षेत भूगोल असतो, नद्या पाठ कराव्या लागतात, सेन, ल्वार, गारोन...

"सांग त्या साहेबांना," तो मधेच म्हणाला.

"काय?"

"पलंगाचं. आजीला घेऊन जा, ती साक्ष देईल. तुला मास्तरीण व्हायचंय ना? मी तीन वर्षं बटाटे सोलीन. फ्रेंच सैनिकाची लाल विजार मला शोभेलसुद्धा." आणि तो हसला. पण हसताना त्याने टोपी काढून हातात धरली होती, आणि बोटांनी ती नुसती फिरवत होता.

मी कामीलला आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्या रस्त्यासमोर, मिठी मारली. तो म्हणाला, "सोड, लोकांना वाटेल तू बिअर प्यालीस." मला एकदम हसू यायला लागलं आणि रडूही, आणि त्या दोन्हींमधे, अगदी त्या बांधावरून चालता चालता, माझ्या डोक्यात दुर्येझ साहेबांचं दुसरं वाक्य ठणकन वाजलं. ते मी ऐकून सोडून दिलेलं वाक्य! मी धावतच सुटले. कामील मागून ओरडत होता, "अगं काय झालं? कोण मागे लागलंय?"

घरी बाबा ताकाचं सूप पीत होते. आई मोजे रफू करत होती. मी आत शिरले ती पळून पळून लाल झालेली, आणि दम न घेता सगळी गोष्ट सांगितली: तंबाखू, कळा, उंबरा, पायाळू. आई सुई टोचून घेईपर्यंत हसली. बाबांनी चमचा खाली ठेवला.

"म्हणजे मी..." ते म्हणाले.

"फ्रेंच मातीत पडलात, बाबा. पायांपासून सुरुवात करून."

"माझी आई खोटारडी आहे."

"ती तुमच्याबद्दलच कशाला खोटं बोलेल?" आई म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली. "अहो, इतकी वर्षं पाववाल्यासमोर उगाच उभे राहिलात की हो!"

बाबांचे कान तांबडे झाले. कामील दारात आला होता, टोपी हातातच. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं, त्यांनाही कळलं. आईलाही कळलं. तिचं हसू तिथेच थांबलं.

"कुणाला सांगितलंस?" बाबांनी विचारलं.

"कुणालाही नाही. झेली गप्प बसेल, तिला मी बजावलंय. आजीही बसेल, तिचा धंदाच तो आहे." मी खुर्चीवर चढून उभी राहिले. का ते माहीत नाही, खाली उभं राहून ते सांगताच आलं नसतं. "आणि मी साहेबांना पलंगाबद्दल अवाक्षर सांगणार नाही. कधीच."

"मग तुझी शाळा?" आई हळूच म्हणाली.

"शाळेत मी जाणारच आहे. सगळं ठरलंय माझं. बाबा, तुम्ही बेल्जियमात जन्मलात. कागदावर तसंच आहे आणि तसंच राहू दे. मग कायदा काय म्हणतो? बापाने न्यायाधीशांसमोर उभं राहून मुलीच्या वतीने सांगायचं. फक्त मुलीच्या! कामील त्यात येत नाही. तो एकवीसचा झाला की हो म्हणायचं का नको, ते त्याचं तो बघेल, अजून त्याला तोंड आहे. मागायचं काही नाही, बाबा, विनवायचं तर मुळीच नाही. नुसतं सांगायचं."

 बाबा माझ्याकडे मान वर करून बघत होते, खुर्चीवरच्या माझ्याकडे, जशी मी गिरणीच्या धुराड्यावर चढून बसलेय.

"फ्लेमिशमध्ये सांगितलंत तरी चालेल," मी म्हटलं, "मी शेजारी उभी राहून फ्रेंचमध्ये सांगेन. शुद्धलेखनात पहिली आलेय मी! तर आई, बाबा, ऐका: मी फ्रेंच होणार आहे, आणि बाई होणार आहे, आणि गुरुवारी सकाळी मी कचेरीत चाललेय. बाबांचा चांगला कोट मी आत्ताच इस्त्रीला काढते."